आत्या मशीन सांगत नाही

माझ्या आत्यावर आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या लोकांचा अजून राग आहे. तिच्या हाती घबाड होतं आणि तिनं ते एकटीनं दाबून ठेवलं, असं त्यांचं म्हणणं. समोर आली की तोंडभर हसतात, पाठ वळली की नाकं मुरडतात. मी लिहायला बसले आहे ती त्यांची समजूत काढायला नव्हे. समजूत काढून आत्या दमली, तिथे माझा काय पाड! मला फक्त ती बाई काय चीज आहे ते सांगायचंय, आणि तिनं माझ्या बाबांचं काय केलं ते.

तिला सगळे 'ठसका' म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी हिंमत कुणात नाही. प्रश्न कितीही साधा असो, तिचं उत्तर असं येतं की विचारणाऱ्याला पाणी मागावं लागतं. लग्न का केलं नाहीस, असं एका लांबच्या काकूनं भर पंगतीत विचारलं होतं. "तुमचं बघितलं ना," आत्या म्हणाली आणि भात वाढून घेतला. काका शेजारीच बसले होते. ते बिचारे ताटात बघून जेवत राहिले.

आधी ती वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर कंत्राटावर होती. वीज कधी येणार, असं लोक विचारायचे. "मला माहीत असतं तर पाटी लावून घरी गेले असते," हे तिचं उत्तर. तिथून तिला काढलं. मग एका मोबाइल कंपनीत लागली, तिथूनही काढलं. दोन्हीकडे साहेबांनी तिला जवळजवळ एकच वाक्य ऐकवलं होतं: बाई, तुम्ही चुकीचं बोलत नाही, पण असं बोलायचं नसतं. पन्नाशी उलटल्यावर तिला तिसरी नोकरी लागली ती ऑनलाइन स्लॉट मशीनच्या कंपनीत. मोबाइलवर चक्रं फिरतात, चित्रं जुळली की पैसे मिळतात, तो खेळ. खेळणाऱ्यांचे प्रश्न चॅटवर येतात, त्यांना लिहून उत्तरं द्यायची. तोंड उघडायचं नाही म्हटल्यावर हिची नोकरी टिकेल, असं आम्हाला सगळ्यांना वाटलं.

ऑफिस आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, फरशांच्या दुकानाच्या वर होतं. एक लांब खोली, न उघडणाऱ्या काचा, आणि ओळीनं बसलेल्या, बोटं बडवणाऱ्या बायका-पुरुष. प्रत्येकाला तिथे एक गोड, परकं नाव मिळायचं. आत्यालाही मिळालं होतं. ते काय होतं ते तिनं आम्हाला कधीच सांगितलं नाही. "कुत्र्याला ठेवतात तसलं आहे," एवढंच म्हणाली.

आमची लाँड्री आहे. पुढे काउंटर, मागे धुण्याची खोली, वरच्या मजल्यावर आम्ही आणि त्याच्याही वर गच्चीलगतच्या खोलीत आत्या. दुकानाचा जीव म्हणजे मागच्या खोलीतला कपडे वाळवायचा मोठा ड्रायर. बाबांनी तो एका बंद पडलेल्या हॉस्पिटलातून मोडका आणला आणि स्वतः खोलून, पट्टे बदलून चालू केला. दोन हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल त्या ड्रायरच्या जोरावर आमच्याकडे येतात. सुटे शर्ट-पँट इस्त्री करून दुकानाचं भाडंसुद्धा निघणार नाही. ड्रायर गेला तर हॉटेलं जाणार आणि हॉटेलं गेली तर दुकान, हे आमच्या घरात कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

आत्या कुठे कामाला लागली हे बाबांनीच मोठ्या कौतुकानं समोरच्या औषधवाल्याला सांगितलं. ही त्यांची पहिली चूक. दुसऱ्या दिवसापासून आमच्या काउंटरवर अशी माणसं यायला लागली ज्यांना धुवायला काहीच टाकायचं नव्हतं. औषधवाला आला, चष्मेवाला आला, कोपऱ्यावरचा केस कापणारा तर हातात कात्री तशीच घेऊन आला.

"ताई, नाव नका घेऊ," औषधवाला आवाज खाली आणून म्हणाला. "नुसती खूण करा. कुठलं मशीन भरत आलंय?"

"भरायला ती काय टाकी आहे?" आत्या म्हणाली.

"म्हणजे बरेच दिवस दिलं नसेल तर आता देणारच ना!"

"कुणी सांगितलं? मशीनला आठवण नसते. मघाशी दिलं की नाही दिलं, त्याला पत्ताच नसतो. तुम्ही बटण दाबता त्या क्षणी आत एक आकडा निघतो आणि निकाल तिथेच लागतो. मग ती चक्रं फिरतात ती तुमची करमणूक म्हणून. थांबतात तेव्हा केव्हाच सगळं ठरलेलं असतं."

औषधवाल्यानं मान डोलावली. इतकी समजूतदार मान मी आयुष्यात बघितली नाही. "बरोबर आहे, ताई," तो म्हणाला. "नोकरी आहे तुमची. तुम्हाला असंच बोलावं लागणार."

हे एकदा नाही, रोज. ती जितकं खरं सांगायची तितकी त्यांची खात्री पटायची की बाई काहीतरी लपवतेय. एकदा वैतागून ती म्हणाली, "आणि त्या निळ्या माशाच्या खेळाला तर हातच लावू नका, तो सगळ्यात जास्त गिळतो." झालं! संध्याकाळपर्यंत अख्खा रस्ता निळ्या माशावर तुटून पडला. हात लावू नका म्हणाली म्हणजे स्वतःसाठी ठेवलाय, असा हिशेब. आणि दुर्दैव असं, की औषधवाल्याला त्या माशावर खरंच मोठी रक्कम लागली.

तो आत्यासाठी नवा कोरा पंखा घेऊन आला, उभा, मोठ्या पात्यांचा. आत्या घरी नव्हती तर दाराशी ठेवून गेला. आत्यानं आल्या पावली तो उचलला, रस्ता ओलांडला आणि त्याच्या काउंटरवर औषधांच्या मधोमध ठेवला. "हा तुमचा तुम्हीच ठेवा," ती म्हणाली. "थोड्या दिवसांनी तुम्ही मला शिव्या द्याल, तेव्हा पंखा परत मागायची लाज वाटेल." औषधवाला खो खो हसला. जिंकलेलं सगळं त्यानं त्याच माशाला परत घातलं, वर आणखी घातलं, आणि मग शिव्या दिल्या. तिनं सांगितल्याबरहुकूम.

बाबा मात्र तिला काही विचारत नव्हते. आईला आणि मला वाटलं, चला, आपल्या घरात तरी एक शहाणा आहे. कपडे धुवून धुवून बाबांना गप्प राहायची सवय लागली आहे. यंत्रांच्या आवाजात कोण कुणाशी बोलणार? खिशात मोबाइल घेऊन मागच्या खोलीत ते अधूनमधून जास्त वेळ रमायला लागले, याकडे आम्ही कानाडोळा केला. आई म्हणाली, दमतात, बसू दे घटकाभर.

मला कळलं ते योगायोगानं. टॉवेलांच्या घड्या घालता घालता बाबा एकदम म्हणाले, "काल तुझ्या आत्यानं हिरवा कुडता टाकला होता धुवायला."

"मग?"

"परवा पण हिरवाच. म्हणून मी जंगलाच्या खेळावर लावले." आणि हळूच हसले, एखादी बातमी फक्त मलाच देताहेत असे. "ती बोलू शकत नाही गं. नोकरी आहे. पण बहीण आहे माझी. लहानपणापासून आमचं असंच आहे, ती खूण करते आणि मला कळतं."

मी बघतच राहिले. माझे बाबा, जे कपड्यावरचा डाग बघून सांगतात की हा माणूस डावखुरा आहे, ते आपल्या बहिणीच्या मळक्या कपड्यांतून मशीनची नावं वाचत होते. लाल ओढणी आली की लाल रत्नांचा खेळ, पिवळी साडी आली की सोन्याच्या खाणीचा. औषधवाला मूर्ख म्हणावा तर त्याला निदान तिच्या तोंडून काहीतरी ऐकायचं होतं. बाबांना त्याचीही गरज उरली नव्हती.

मी तडक गच्चीवर गेले आणि आत्याला सांगितलं. आधी ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग पाणी येतच राहिलं आणि हसू थांबलं. "गाढव," ती म्हणाली. "माझ्या धाकट्या भावासारखा गाढव साऱ्या जगात नाही."

दुसऱ्या दिवसापासून ती फक्त पांढरं घालायला लागली. पांढरी साडी, पांढरा कुडता, पांढरी ओढणी. कसला रंगच नको म्हणजे प्रश्न मिटला, असं तिला वाटलं. तिसऱ्या दिवशी मी बाबांच्या मोबाइलमध्ये डोकावले. चक्रांवर हंस पोहत होते. "पांढरा," बाबा म्हणाले. "इतक्या स्पष्ट खुणेनं तिनं आजवर कधी सांगितलं नव्हतं."

त्या रविवारी आत्या स्वतः खाली दुकानात आली. दुपारची वेळ होती, आई इस्त्रीवर आणि मी काउंटरवर. तिनं हॉटेलच्या गठ्ठ्यातून एक नवा टॉवेल घेतला आणि चिंध्यांत टाकायला काढलेला एक जुना, आणि दोन्ही बाबांसमोर टाकले.

"हात लाव," ती म्हणाली. "काय फरक आहे?"

"हा जाड, हा विरलेला."

"कुठल्या धुण्यात विरला?"

"एका धुण्यात कसा विरेल? सगळ्यात थोडा थोडा."

"तेच सांगतेय. तुझ्या त्या खेळात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, शंभरातले शहाण्णव परत देतो म्हणून. वाचलंयस ना?"

"वाचलंय की!" बाबांना एकदम जोर आला. "चारच जातात. त्यात काय लुटलं?"

"तू परत आलेले शहाण्णव खिशात घालून उठतोस का?"

बाबांनी जुना टॉवेल हातात घेतला.

"ते परत टाकतोस. त्यातून परत थोडे जातात. जे उरले ते परत टाकतोस. टॉवेल एकदाच धुतला असता तर नवाच राहिला असता. आणि ते शहाण्णव काय तुझे वेगळे मोजलेले नसतात. लाखो माणसं, लाखो स्पिन, सगळ्यांचं मिळून ते पडतं. त्यात एखाद्या औषधवाल्याला घबाड लागतं आणि शंभर जणांचा खुळखुळा होतो. वर गंमत बघ, दहा लावलेस आणि चार आले तरी ते मशीन टाळ्या वाजवतं, नाणी खणखणवतं. सहा घालवलेस, आणि तुझं अभिनंदन! तिसरं चित्र एका घरानं हुकतं ना, वाटतं की अगदी जवळ आलो होतो? जवळबिवळ काही नसतं. हुकलं ते हुकलं. पण 'जवळ आलो' असं वाटलं की माणूस उठत नाही, म्हणून ते तसं दाखवतात."

आईनं इस्त्री उभी करून ठेवली होती. बाबा दोन्ही टॉवेलांवरून हात फिरवत होते. त्यांना कळलं होतं, शंकाच नाही. धुण्याची भाषा त्यांना कळणार नाही तर कुणाला कळणार? पण मग ते वर बघून म्हणाले, "ताई, हे सगळं ठीक आहे. पण तू तिथे बसतेस. तुला आतलं काहीतरी दिसत असेलच. सांगायचं नसेल तर नको सांगू, मी नाराज नाही."

आत्या उठली आणि दोन्ही टॉवेल तसेच टाकून निघून गेली. तिला इतकी हरलेली मी तोपर्यंत बघितली नव्हती, आणि मला बाबांचा असा संताप आला की मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

त्यानंतर एका सकाळी एक माणूस मापाची टेप घेऊन मागच्या खोलीत शिरला. ड्रायरची उंची घेतली, रुंदी घेतली, मग दाराची रुंदी घेतली. बाबा म्हणाले, दुरुस्तीवाला आहे. दुरुस्तीवाला दाराचं माप कशाला घेईल? मी त्याला बाहेर गाठलं. तो बिचारा सरळ माणूस निघाला. दुसऱ्या भागात त्याची स्वतःची लाँड्री आहे, ड्रायर विकत घ्यायचं ठरलंय, बुधवारी पैसे आणि टेम्पो घेऊन येणार, असं त्यानं सांगून टाकलं. "तुमचे वडील म्हणाले, महिन्याभरात नवा घेणार आहेत," तो म्हणाला. "याच्याहून मोठा."

आईला सांगितलं तेव्हा ती हातातली चादर तशीच धरून ड्रायरपाशी जाऊन उभी राहिली. आत्याला सांगितलं तेव्हा ती काहीच म्हणाली नाही. 'ठसका' म्हणवणाऱ्या बाईनं काही न बोलणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे तोच घाबरेल. मी घाबरले.

आता तिच्या ऑफिसातला एक नियम सांगायला हवा. कुणी चॅटवर लिहिलं की माझं खातं बंद करा, तर ते लगेच बंद करायचं नाही. आधी म्हणायचं, थांबा, तुमच्यासाठी फ्री स्पिन आहेत, चक्रं फुकटात फिरवा. तो नाही म्हणाला तर आणखी स्पिन. तरी नाही म्हणाला तर बोनस. तीनदा आमिष दाखवायचं आणि चौथ्यांदा तो अडून बसला तरच बंद करायचं. त्या फुकट मिळालेल्या पैशांनाही मेख होतीच, त्यांच्या तीसपट रक्कम खेळात लावून झाल्याशिवाय ते काढता येत नव्हते. या नियमावरून आत्याचं टीम लीडरशी आधीच वाजलं होतं. तो तिशीतला, डोळ्यांखाली काळं आलेला मुलगा. तो तिला म्हणाला होता, "मावशी, मलाही पटत नाही, पण आपले स्क्रीन वरचे साहेब बघत असतात. पुढच्या वेळी मी वाचवू शकणार नाही." ती म्हणाली, "तुला कोण म्हणालं वाचव म्हणून?"

आणि बाबांची युक्ती अशी, की पैसे संपत आले की ते चॅटवर जाऊन लिहायचे, खातं बंद करा. मग फ्री स्पिन मिळायचे. हे त्यांना केस कापणाऱ्यानं शिकवलं होतं. पलीकडे कोण बसलंय हे कधी कळायचं नाही, कारण पलीकडे नेहमी कुठलंतरी गोड नाव असायचं.

बुधवारी दुपारी टेम्पो यायला थोडा अवकाश होता. बाबा मागच्या खोलीत चादरींच्या ढिगावर मोबाइल घेऊन बसले. ड्रायरचे पैसे हातात आले की मोठा डाव, तोवर थोडे फुकटचे मिळाले तर बघावं, असा विचार. त्यांनी नेहमीप्रमाणे लिहिलं. ऑफिसात ओळीनं बसलेल्या सगळ्या माणसांपैकी त्या वेळी मोकळी कोण होती, तर आत्या. तिच्या पडद्यावर भावाचं पूर्ण नाव आलं आणि खाली वाक्य: माझं खातं बंद करा, कंटाळलो.

पुढचं मला नंतर दोघांकडूनही कळलं, आणि दोघांचं सांगणं तंतोतंत जुळतं.

तिनं लिहिलं, "कायमचं बंद करायचं का?"

त्यांनी लिहिलं, "हो. कायमचं."

तिनं लिहिलं, "कायमचं बंद झालेलं खातं परत उघडत नाही. याच ओळखपत्रावर आमच्याकडे दुसरंही उघडता येत नाही. उरलेले पैसे बँकेत येतील. हे समजलं असेल तर 'समजलं, बंद करा' असं लिहून पाठवा."

बाबांना वाटलं, आज भाव जास्त ताणताहेत म्हणजे बोनसही मोठा देणार. त्यांनी खुशीत लिहिलं, "समजलं, बंद करा."

आत्यानं बंद केलं. एकदाही स्पिन दाखवले नाहीत, बोनस दाखवला नाही. बटण दाबलं, खुर्ची मागे सारली आणि पर्स काढली. टीम लीडर धावत आला तेव्हा ती म्हणाली, "माणसानं बंद करा म्हटलं, मी बंद केलं. आता माझं काय करायचं ते वरच्यांना विचारून ठेव." आणि जिन्यानं खाली उतरली. काढून टाकल्याचा मेसेज तिला रस्त्यातच आला. तिनं तो वाचलाही नाही.

मी काउंटरवर होते. मागून बाबांचा आवाज आला, "अरे? अरे, अरे!" मी धावत गेले तर ते मोबाइल हलवत होते, हलवल्यानं खातं परत उघडणार असल्यासारखे. त्यांची ती खटपट चालली असतानाच टेम्पो आला. टेपवाला आणि त्याची दोन माणसं दोर घेऊन आत शिरली, आणि त्यांच्यामागून, पांढऱ्या साडीत, घामाघूम झालेली आत्या.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. भर दुपारी ती घरी आली होती. तोवर त्यांना काहीच कळलं नव्हतं आणि त्या एका क्षणात सगळं कळलं.

"तू होतीस?"

"मीच."

"ताई, मला बंद करायचं नव्हतं!"

"मग लिहिलंस काय?"

"ते तसंच लिहितात! सगळे लिहितात. मग ते स्पिन देतात. सगळे जण देतात. तू एकटीच..."

"हो, मी एकटीच!" आत्या कडाडली. "तिथे आमच्यातला जो तो देतो. तू बंद करा म्हणालास आणि एक जण तरी खरं बंद करणारा निघाला. तुझं गेल्या जन्मीचं पुण्य समज! ओरड माझ्यावर. मार मला. जा, दुसऱ्या कंपनीत उघड खातं, अशा शंभर पडल्यात आणि प्रत्येकीत काही मी बसलेली नाही. पण माझ्या हातून तुला एकसुद्धा स्पिन मिळणार नाही. माझ्या हातानं मी तुला बुडवणार नाही, समजलं?"

टेपवाला दोर हातात घेऊन अवघडून उभा होता. "दादा," तो बाबांना म्हणाला, "न्यायचं ना?"

बाबा मान खाली घालून म्हणाले, "न्या."

आणि तेव्हा माझी आई, जी त्या वेळेपर्यंत दारात उभी होती, पुढे आली. हॉटेलच्या ओल्या चादरींचा ढीग तिनं उचलला, ड्रायरचं तोंड उघडलं, सगळा ढीग आत कोंबला, दार आपटलं आणि चालू केला. ड्रायर धडधडायला लागला.

"गरम आहे," आई टेपवाल्याला म्हणाली. "हात लावू नका."

"वहिनी, मग थांबतो थोडं."

"थांबा. हा घाणा झाला की दुसरा आहे. तो झाला की तिसरा आहे. वन्सं, ते टॉवेल द्या इकडे."

आत्यानं टॉवेल दिले. मीही काउंटर सोडून आत गेले आणि पिळलेलं जे जे हाताला लागलं ते आणून ठेवलं. आम्ही तिघी त्या यंत्रापुढे उभ्या राहिलो. माणसं पायरीवर बसली, चहा प्यायली, घड्याळ बघितलं. उन्हं उतरली तेव्हा टेपवाल्यानं दोर गुंडाळला. "दादा, घरच्यांना पटत नसेल तर मला नको ही वस्तू," तो म्हणाला. "माझ्याही घरी बाई आहे." टेम्पो रिकामा गेला.

बाबा चादरींच्या ढिगावर तसेच बसून होते. आम्हाला वाटलं, आता भडका उडणार. पण ते आत्याकडे बघत होते. मग त्यांनी हातानं तिला जवळ बोलावलं. आवाज अगदी खाली आणला, औषधवाल्यानं आणला होता तसा.

"ताई, आता तुझी नोकरी गेली ना?"

"गेली."

"म्हणजे आता तुला कुणाची भीती नाही."

"आधीपण नव्हती."

"मग आता सांग," बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत इतकी आशा होती की मला ते बघवेना. "आता काय अडचण आहे? कुठलं मशीन देतं?"

आत्या त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. ठसक्यात काही बोलेल असं वाटलं होतं, पण तिचा आवाज साधा होता, घरातला.

"कुठलंच नाही, रे."

"कुठलंच नाही?"

"तिथे बसणाऱ्या कुणालाच माहीत नाही. वरच्यांनाही नाही. माहीत करून घ्यायची त्यांना गरजच नाही, काही झालं तरी मिळतं त्यांनाच. मी हिरवं घातलं कारण हिरवं वाळलं होतं. मी तुला कधीच काही सांगत नव्हते."

बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. इतके महिने तिच्या प्रत्येक खऱ्या वाक्याला एकच उत्तर होतं: नोकरी आहे म्हणून असं बोलते. आता ती नोकरी उरली नव्हती. खोटं बोलायला तिच्याकडे कारणच उरलं नव्हतं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला आणि मला कळलं की आज पहिल्यांदा त्यांना ती ऐकू येतेय.

"मग इतके दिवस मी कुणाशी खेळत होतो?" त्यांनी विचारलं.

"कुणाशीच नाही."

बाबा तोंडावर दोन्ही हात घेऊन रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. आई पुढे सरकली, पण आत्यानं तिला हातानं थांबवलं. होईल सगळं ठीक, येतील पैसे परत, असलं एकही वाक्य तिनं बोलू दिलं नाही आणि स्वतःही बोलली नाही. तिनं त्यांना पोटभर रडू दिलं.

ड्रायर थांबला. आत्या उठली, तिनं दार उघडून वाफाळती चादर बाहेर ओढली. एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं बाबांच्या मांडीवर फेकलं.

"ऊठ," ती म्हणाली. "ओढून धर. मला एकटीला जमत नाही."